पिवळ्या काठाचा तुकडा

एप्रिलच्या आरंभी आमच्या खोऱ्यात ऊन एकदम येत नाही. पूर्वेचा डोंगर उंच आहे. त्याच्यामागे सूर्य उगवून बराच वेळ झालेला असतो, तरी खाली गाव करड्या, ओलसर सावलीत निमूट बसलेलं असतं. आधी चर्चच्या टोकावरचा पत्र्याचा कोंबडा उजळतो. मग त्याखालची पांढऱ्या फळ्यांची भिंत, वरून खाली, एकेक फळी करत. मग रस्त्यापलीकडच्या गावकचेरीचा झेंड्याचा खांब. कचेरीच्या खिडकीत बर्निस क्विम्बीने जिरॅनियमच्या कुंड्या ठेवल्या आहेत. ऊन त्या पानांवर येऊन थोडं थबकतं, पानांच्या कडांवरची बारीक लव दिसू लागते, आणि तिथून ते लाकडी काउंटरवर उतरतं. काउंटरची कड पिढ्यान् पिढ्यांच्या कोपरांनी गुळगुळीत झाली आहे. तिच्यावर आलं की ऊन जरा अधिक पिवळं दिसतं. खाली जमिनीवर बुटांच्या चिखलाचे वाळलेले ठसे असतात, तेही हळूहळू उजळतात. या साऱ्यात विशेष असं काहीच नसतं. रोजचं ऊन, रोजची कचेरी. तरीही मी ते इतक्या निगुतीने पाहत उभा होतो, कारण माझ्या हातातल्या नकाशाच्या तावाकडे पाहण्याचं धैर्य मला होत नव्हतं.

ताव माझाच होता. दुधट, अर्धपारदर्शक फिल्मचा, जाड आणि थंड. खालच्या उजव्या कोपऱ्यात माझा गोल शिक्का, त्यावर माझी सही: ज्यूड लॅथ्रप, परवानाधारक मोजणीदार. इतर मोजणीदार आता नकाशे यंत्रातून छापून घेतात. आमच्या ऑफिसात शेवटचा ताव अजून शाईने, हाताने काढला जातो. मार्चच्या आरंभी मी तो पुरा करून त्यावर सही केली होती. आदल्या दिवशी मात्र जोआना कीओ यांचा फोन आला. डोंगरावरची जमीन त्यांनी विकत घेतली होती आणि मोजणीचं काम त्यांनीच मला दिलं होतं. त्यांच्या वकिलाने कचेरीतून नोंदवलेल्या नकाशाची प्रत काढली, तर ती मी त्यांना दिलेल्या प्रतीशी जुळत नव्हती. "तुम्ही हद्द बदललीत का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी म्हणालो, बघतो.

अखेर मी ताव उचलून उन्हात तिरपा धरला. फिल्मवरची शाई पात्याने खरवडता येते. हात कसलेला असेल तर समोरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. पण तिरप्या उन्हात खरवडलेली जागा मिटल्या डोळ्यासारखी निस्तेज दिसते. माझ्या नकाशाच्या वायव्य कोपऱ्याशी असा एक निस्तेज डाग होता. जिथे मी हद्दीचा कोपरा दाखवला होता, तिथून तो पुसला गेला होता. पूर्वेला, जवळजवळ एका घराच्या रुंदीइतका सरकवून, नवा कोपरा काढला होता, आणि त्याच्याशी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: लोखंडी सळई सापडली.

मला तिथे कोणतीही सळई सापडली नव्हती.

"काय रे, कॉफी घेणारेस की नुसती फिल्मच खाणारेस?" आतून बर्निसचा आवाज आला. ती आमच्या गावाची क्लार्क. जमिनीची सारी कागदपत्रं तिच्या ताब्यात असतात.

"बर्निस, हा ताव नोंदवायला कोणी आणला होता?"

"कोणी म्हणजे? मेरिटने. दर वेळी तोच तर आणतो. माझे दोन डोनट संपवले, आणि वर म्हणतो, तेल नीट तापलं नव्हतं. का रे, काही राहिलं का?"

"नंतर तो पाहायला कोणी आलं होतं?"

"माझ्या तिजोरीत उंदीरसुद्धा वहीत सही केल्याशिवाय जात नाही." ती काउंटरपाशी आली आणि माझ्याकडे पाहून थांबली. "ज्यूड? कोणी गेलं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "तसं कोणी नाही."

मेरिट ऑर्डवे यांनी मला या धंद्यात आणलं. मी शाळेतून बाहेर पडलो तेव्हा अनोळखी माणसाला दुकानात भाव विचारायचाही मला धीर होत नसे. त्यांनी मला मोजणीची साखळी धरायला जंगलात नेलं. दिवसभर आम्ही चार शब्दही बोललो नाही, संध्याकाळी ते म्हणाले, "झाडं प्रश्न विचारत नाहीत, म्हणून तुला इथे बरं वाटतं. पण तू त्यांना विचारायला शीक." मोजणी म्हणजे नवी रेषा आखणं नव्हे, आपल्या आधी जो या रानातून चालून गेला त्याच्या पावलांवर पाऊल ठेवणं, हे त्यांनी मला शिकवलं. फिल्म तिरप्या उन्हात तपासायलाही त्यांनीच शिकवलं. आमचं मेज पूर्वेच्या खिडकीला त्यासाठीच लावलेलं होतं. पुढे ऑफिस त्यांनी माझ्या हाती दिलं, पण स्वतःचा परवाना सोडला नाही. रोज सकाळी येत, पेन्सिलींना टोकं करत, आणि तयार झालेले ताव कचेरीत नेऊन देत. हा ताव त्यांनी रस्ते जरा सुधारले की देतो म्हणून काही दिवस आपल्या ट्रकमध्ये ठेवला होता.

ट्रकला ते कधी कुलूप लावत नाहीत. कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी स्वतःला हेच सांगत होतो. खानावळीपुढे ट्रक तासन् तास उभा असतो. कोणीही दार उघडू शकतं.

आमच्या धंद्याचा नियम स्पष्ट आहे. तुम्ही सही केलेल्या कामाला कोणी परस्पर हात लावला, तर ते तुम्ही लेखी कळवायचं: काम देणाऱ्याला, नोंदणी करणाऱ्याला, आणि परवाने देणाऱ्या मंडळाला. गप्प बसलात, तर ती खोटी रेषा तुमची होते. पण कायद्यात नसलेली एक रीतही आहे. मंडळाला लिहिण्याआधी जागेवर जायचं. आणि मग त्या माणसाच्या दारात जायचं.

मी डोंगरावर गेलो. रस्ता चिखलाने इतका मऊ झाला होता की ट्रक अर्ध्या वाटेत सोडून पुढे पायी चढावं लागलं. झाडांच्या उत्तरेला अजून बर्फ होतं. वर, कीओ बाईंच्या शेजारच्या जमिनीचा मालक वेंडेल थर्बर, त्याच्या मेपलचा रस आटवायच्या गुऱ्हाळातून वाफ निघत होती. रसाचे शेवटचे दिवस होते. माझी रेषा या गुऱ्हाळावरूनच गेली होती, आणि तिच्यामुळे ते कीओ बाईंच्या जमिनीत येत होतं. वेंडेलच्या तरुणपणी मेरिट यांनी त्याची जमीन मोजून दिली होती. जुन्या दस्तात हद्दीचा कोपरा म्हणजे दगडांचा ढीग असं लिहिलेलं होतं. मेरिट यांना एक ढीग सापडला, त्यांनी तो कोपरा धरला, आणि वेंडेलने त्या भरवशावर गुऱ्हाळ बांधलं. नोव्हेंबरात मी तो ढीग दगडन् दगड उचलून पाहिला. खाली काहीच नव्हतं. शेत साफ करताना कुणा शेतकऱ्याने बाजूला टाकलेले दगड होते ते, बस. खरा ढीग पश्चिमेला, शेवाळाखाली खचलेला सापडला. त्याच्या पोटात कोळसा होता आणि हिरव्या काचेचे तुकडे.

पूर्वीचे मोजणीदार हद्दीच्या खुणेखाली असंच काहीतरी पुरून ठेवत. वरची खूण कोणीही उपटून टाकतो. खाली काय पुरलं आहे ते उपटणाऱ्याला ठाऊक नसतं. बाकीच्यांनी ही रीत केव्हाच सोडली. मेरिट यांनी सोडली नाही. ते हद्दीवर रोवलेल्या प्रत्येक सळईखाली आपल्या बायकोच्या, ल्युसिंडाच्या, फुटलेल्या भांड्यांचे तुकडे पुरत. ती गेल्यावरही पत्र्याच्या डब्यात साठवलेले तुकडे पुरत राहिले. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर भांडी पुसताना माझ्या हातून तिचा पिवळ्या काठाचा वाडगा फुटला. त्या जोडातला तो शेवटचा होता. मी ओशाळून तुकडे गोळा करू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "टाकू नकोस. कुठेतरी कामाला येईल."

"या, या, सरकार!" वेंडेलने भट्टीत लाकूड सारत हाक दिली. "आज माझं गुऱ्हाळ कोणत्या देशात आहे?"

त्याने पत्र्याच्या पेल्यात गरम पाक ओतून माझ्या हातात दिला.

"तोंड असं का? काळजी करू नकोस, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. त्या कीओ बाईशी माझं बोलणं झालंय केव्हाच. ती म्हणाली, तुम्ही आहात तोवर गुऱ्हाळ इथंच राहू द्या, दर वसंतात मला थोडा पाक आणून द्या. भली बाई आहे. कॉफीत ओटाचं दूध घालते, तेवढं सोडलं तर."

"हे मिस्टर ऑर्डवेंना माहीत आहे?"

"मीच सांगितलं की. मार्चात आला होता वर, बर्फातून, धापा टाकत. मी म्हटलं, म्हाताऱ्या, मरायला माझंच दार सापडलं का? इथंच बसला होता, तू बसलायस तिथं. म्हणाला, 'वेंडेल, पोराने माझी चूक काढली.' मी म्हटलं, अख्ख्या जन्मात एकच चूक? पाद्र्यालाही जमत नाही ते." वेंडेल हसला, मग थांबला. "तो हसला नाही. पाक न पिताच उठला."

इथवर येताना मी आणखी एक समजूत सोबत आणली होती. समजा ते मेरिट असतील, तरी वेंडेलसाठी असतील. जुन्या मित्राचं छप्पर वाचवण्यासाठी. पेल्यातला पाक गोड होता, मी तो सगळा प्यायलो, आणि ती समजूत तिथे भट्टीपाशी ठेवून पुढे गेलो.

शेतकऱ्याच्या त्या ढिगात आता सळई उभी होती. गंजलेली, जुनी, आमच्या ऑफिसमागच्या शेडमध्ये पडून असतात तसली. नोव्हेंबरात ती इथे नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकत होतो. खरं तर एवढं पुरेसं होतं. तिथून परत फिरता आलं असतं. पण शिकलेला हात थांबत नाही. मी गुडघे टेकले आणि एकेक दगड बाजूला केला. सळईच्या टोकाशी, माती नीट दाबून, काठ वर येईल असा ठेवलेला एक तुकडा होता. मी तो बर्फावर घासून पुसला. पांढरं चिनी मातीचं भांडं. पिवळा काठ.

झाडांवरून बर्फ वितळून ठिबकत होतं.

मेरिट स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. पायांत लोकरी मोजे, नाकावर चष्मा घसरलेला.

"ये. चिखल बाहेर ठेव, तू आत ये."

मी तुकडा मेजावर ठेवला. त्यांनी तो पाहिला. हातातला बटाटा पुरा सोलला, पाण्यात टाकला, मग सुरी खाली ठेवली.

"वेंडेलने पाक पाजला असेल."

"हो."

"यंदा जरा करपवलाय त्याने."

"मिस्टर ऑर्डवे," मी म्हणालो. "सळई नुसती ठोकली असतीत, तर ती कोणाची हे मला कधीच कळलं नसतं."

"ठाऊक आहे मला. नुसतीच ठोकली होती. ट्रकपर्यंत परतही आलो." त्यांनी तळहात पालथे करून पाहिले. "तिथून मागे फिरलो. खाली काही न ठेवता खूण रोवणं या हातांना जमेना रे. हस तू."

"मी हसत नाहीये."

"हसला असतास तर बरं झालं असतं."

"माझ्याच तावावर का? तुम्ही स्वतःचा नकाशा काढून माझ्याशी वाद घालू शकला असता. मी ऐकलं असतं."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माझी सही दिसली की वकील आता दोनदा तपासतात. तुझी कोणी तपासत नाही. तुझी रेषा म्हणजे रेषा. मला वाटलं, त्या एका कोपऱ्यावर आपलं दोघांचं एकमत असावं. मी गेल्यावर कोणी ते नकाशे काढून बघेल, तेव्हा."

यानंतर मी बोलू लागलो. आयुष्यात सलग इतका कधी बोललो नव्हतो. त्यांना आठवण करून दिली की गेल्या महिन्यात ते स्टोव्ह चालू ठेवून बाहेर गेले होते. टपालवाल्याला दुसऱ्याच नावाने हाक मारली होती. चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधला होता. मी म्हणालो, या वयात असं होतं. कदाचित तो ताव तुम्हांला स्वतःचाच जुना ताव वाटला असेल. कदाचित सळई पूर्वी रोवायची राहिली, ती आता रोवतोय असं वाटलं असेल. मंडळाला मी तसं लिहितो. तुम्ही परवाना आपण होऊन परत करा. कोणी काही विचारणार नाही.

मग, ज्या माणसाने मला कधी पाव इंचाचीही सूट दिली नव्हती, त्याच्या चेहऱ्यावर एक केविलवाणी आशा उमटली. ती पाहण्यापेक्षा त्यांनी माझ्यावर सुरी फेकली असती तरी चाललं असतं.

"तसं लिहिता येईल?"

"येईल."

"म्हातारा झाला, विसरला. असंच ना? लोक हळहळतील. बर्निस सूप आणून देईल." त्यांनी मान हलवली. "बरं आहे. तसंच लिही."

मी टोपी उचलली. दारापाशी पोचलो तोवर त्यांनी तो तुकडा हातात घेतला होता आणि काठावरून अंगठा फिरवत होते.

"तू फोडलास तेव्हा बाहेर बर्फ सुरू झालं होतं," ते अगदी सहज म्हणाले, जुन्या कोपऱ्यांविषयी बोलायचे तसे. "न्यूपोर्टच्या त्या मुलीबद्दल सांगत होतास. एडिथ. तिचं नाव घ्यायला गेलास आणि वाडगा सुटला. तिचा भाऊ सुतार, डाव्या हाताचा. हा काठाजवळचा तुकडा. दुसरा मोठा अजून डब्यात आहे, त्याला थोडी चीर गेलीय." मग मान वर केली. "तिला पुन्हा फोन केलास का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"करायला हवा होतास."

ऑफिसात आलो तेव्हा मेजावरचं ऊन केव्हाच सरलं होतं. पेन्सिली सकाळच्याच, एका रांगेत, टोकं एका बाजूला. मी कीओ बाईंना लिहिलं की नोंदवलेला नकाशा माझा नाही, माझी हद्द पश्चिमेच्या ढिगाशीच आहे आणि दुरुस्त ताव लवकरच नोंदवला जाईल. बर्निसला लिहिलं की त्या तावावर, तो बदललेला आहे आणि त्यावर विसंबू नये, अशी नोंद लावावी. ही दोन्ही पत्रं सोपी होती. त्यांत फक्त जमीन होती.

तिसरं मंडळाला होतं. त्यात बदल कोणी केला आणि कोणत्या परिस्थितीत केला, हे सांगायला हवं होतं. मी मेरिट यांचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, वार्धक्यामुळे त्यांच्या स्मरणशक्तीवर. इथे पेन थांबलं. वाक्य पुरं करायला दोनच शब्द लागणार होते आणि ते मला ठाऊक होते. मी कागद उचलून, काही कारण नसताना, खिडकीशी तिरपा धरला. बाहेर आता नुसता सपाट, करडा उजेड होता. त्यात काहीच दिसलं नसतं.

मी त्या ओळीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, जशी त्यांनी मला चूक खोडायला शिकवली होती. सूप, हळहळ, डब्यातला तो चीर गेलेला तुकडा, सारं डोळ्यांसमोरून गेलं. मग लिहिलं.

माझी रेषा मेरिट ऑर्डवे यांनी बदलली, आणि बदलताना त्यांना सगळं आठवत होतं.